आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन बिघडलं, ५६ हजाराचा चेक दवाखान्यात अडकलाय, काय करावं?

बेदाणावाला_तासगाव

नमस्कार मंडळी, जरा मोठं होणार आहे पण शेवटपर्यंत वाचा आणि कुणाला अनुभव असेल तर सांगा.

आईचं वय ५६. दोन वर्षं झाली, लग्नाकार्यात तळलेलं खाल्लं की रात्री उजव्या बाजूला कळ यायची, ती ओवा चावून झोपायची आणि आम्हीपण ॲसिडिटी म्हणून सोडून द्यायचो. शेवटी सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. सांगलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात दाखवलं, नाव मुद्दाम घेत नाही. दुर्बिणीनं काढू, तिसऱ्या दिवशी घरी, ७० हजाराचं पॅकेज असं सांगितलं. सगळं तोंडी. मी म्हणलंतं लिहून द्या, तर काउंटरवरची पोरगी म्हणली एस्टिमेट इन्शुरन्सला जातं, तुम्हाला कशाला पाहिजे.

ऑपरेशन सोमवारी झालं. मंगळवारी पोट फुगलंतं, आई कण्हत होती, सिस्टरना दोन-तीनदा सांगितलं, गॅस आहे चालवा त्यांना म्हणले. आम्ही धरून धरून चालवलं. बुधवारी डिस्चार्ज. बिल ८२ हजार, त्यात इन्शुरन्सनं ५८ दिले, २४ आम्ही भरले, ते २४ कशाचे ते अजून कळलं नाही. शुक्रवारी रात्री थंडी वाजून ताप आला आणि डोळे हळदीसारखे पिवळे. साडेअकराला परत तिथंच नेलं, थेट आयसीयू. पोटात पाणी साठलंय म्हणून नळी टाकली तर त्यातनं पित्त आलं, पिशवी भरली अक्षरशः. चार दिवस ठेवून मंगळवारी म्हणले ईआरसीपी (तोंडातनं दुर्बीण घालून पित्तनळीवर उपचार) करायला लागतंय, आमच्यात सोय नाही, कोल्हापूरला न्या. ॲम्ब्युलन्स दारात उभी आणि हातात १ लाख ४६ हजाराचं बिल. या वेळी कॅशलेस होणार नाही, टीपीएनं (इन्शुरन्सचे क्लेम तपासणारी एजन्सी) क्वेरी टाकलीय म्हणले. ९० हजार दाजींनी आणि मी मिळून भरले, राहिलेल्या ५६ हजाराचा चेक लिहून घेतला तेव्हा सोडलं. एका छापील कागदावर सही पण घेतली, त्यात उपचाराबद्दल तक्रार नाही असं काहीतरी होतं, त्या घाईत कोण वाचतंय.

कोल्हापुरात ईआरसीपी करून पित्तनळीत स्टेंट (छोटी नळी) टाकला, तिथं १ लाख १० हजार गेले. आई आता घरी आहे, ताप नाही, भात-आमटी खाती. तिथले डॉक्टर तोंडी म्हणले की नळीला इजा झालीय, पण डिस्चार्ज कार्डावर तसं लिहिलं नाही, 'ऑपरेशननंतर पित्तगळती' एवढंच आहे. विचारलं तर म्हणले आम्हाला त्यात पाडू नका.

आता पहिल्या हॉस्पिटलातनं रोज फोन येतोय की चेक भरू का. चेक थांबवू का? बिल बरोबर आहे का ते कोण सांगणार? आणि ही डॉक्टरची चूक म्हणायची का असं होतंच असतं? चुलते म्हणतात पन्नास माणसं घेऊन जाऊ, सरळ होतील. बाग छाटणीवर आलीय, औषधाला पैसे नाहीत आणि डोकं चालेना झालंय.

वाळव्याचा_वाघ

भावा तुझे चुलते बरोबर बोलत्यात. माणसं ने, व्हिडिओ कर, फेसबुकवर टाक, पेपरवाल्याला बोलव. बिल तिथंच शून्य करत्यात. अर्ज-बिर्ज करून काय होत नाही या देशात.

काउंटरपलीकडची

वाघोबा, पन्नास माणसं गेली आणि एक काच फुटली की विषय आईच्या पोटाचा राहत नाही, काचेचा होतो. महाराष्ट्रात २०१० चा वैद्यकीय सेवा संरक्षणाचा कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि जे फुटलं त्याच्या दुप्पट भरपाई. मग हॉस्पिटलच फिर्यादी आणि तुम्ही आरोपी. मी स्वतः बघितलंय, ज्यांची बाजू खरी होती ते लोक नंतर तडजोडीला हात जोडून आले होते.

तासगावकर दादा, मी सांगली-मिरज पट्ट्यात सहा वर्षं बिलिंगला आणि टीपीए डेस्कला काम केलंय, आता सोडलं. म्हणून पलीकडच्या बाजूनं सांगते. पहिली गोष्ट, बिलाचं भांडण आणि डॉक्टरच्या चुकीचं भांडण एकत्र करू नका. काउंटरवर जाऊन "तुम्ही माझ्या आईचं वाटोळं केलं म्हणून पैसे देणार नाही" म्हणलं की फाईल सरळ मॅनेजमेंट आणि त्यांच्या वकिलाकडं जाते, मग साधी बेरजेची चूक पण कुणी दुरुस्त करत नाही. बिलाबद्दल फक्त बिलाचं बोला.

तुमच्या हातात जे आहे ते समरी बिल असणार, एक-दोन पानांचं. तुम्हाला डिटेल बिल मागायचंय, तारीखवार, आणि फार्मसीचं वेगळं, त्यात रिटर्नच्या पावत्यांसकट. आयसीयूत इंजेक्शनं, सलाईनं खोक्यानं मागवतात, पेशंट शिफ्ट झाला की उरलेली परत मेडिकलला जातात, पण घाईच्या डिस्चार्जला रिटर्नची एंट्री बिलात पडत नाही. हे चोरी म्हणूनच होतं असं नाही, बऱ्याचदा नुसता आळस असतो, पण पैसे तुमचेच जातात. दुसरं, आयसीयूचे दिवस मोजा. शुक्रवारी रात्री साडेअकराला गेला आणि मंगळवारी निघाला, कॅलेंडरनं मोजलं तर पाच दिवस, चोवीस तासानं मोजलं तर चार. त्यांच्या दरपत्रकात काय लिहिलंय ते बघा. आणि आयसीयूच्या रोजच्या दरात मॉनिटर, नर्सिंग, आरएमओ (ड्युटी डॉक्टर) धरलेलं असेल आणि खाली परत मॉनिटरचे वेगळे लावले असतील तर गोल करा. दरपत्रक दाखवायला नाही म्हणता येत नाही, २०२१ ला राज्यानं नर्सिंग होम नोंदणीचे नियम सुधारले त्यात दर दर्शनी भागात लावायचे आणि रुग्ण हक्कांची सनद लावायची असं आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका हद्दीत असेल तर तक्रार महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडं, बाहेर असेल तर जिल्हा पातळीवर सिव्हिल सर्जनकडं.

आता त्या २४ हजाराचं. तुमची पॉलिसी किती लाखाची? तीन असेल आणि रूम रेंट १ टक्का असेल तर दिवसाला तीन हजाराची खोली चालते. तुम्ही साडेचार हजाराची घेतली असेल तर नुसते वरचे दीड हजार कापत नाहीत, डॉक्टर फी, ओटी, ॲनेस्थेशिया सगळ्यातच त्या प्रमाणात कापतात, म्हणजे तिसरा हिस्सा गेला. औषधं, कन्झ्युमेबल आणि तपासण्यांना मात्र हे प्रमाण लावता येत नाही, तिथं कापलं असेल तर कंपनीला लिहा. शिवाय ग्लोव्हज, कॉटन, असल्या न मिळणाऱ्या वस्तूंची विमा नियामक इर्डानं यादीच केलीय, ते पैसे जातातच.

दुसऱ्या ॲडमिटचं कॅशलेस झालं नाही याचा अर्थ क्लेम नाकारला असा नाही. क्वेरी म्हणजे नुसता प्रश्न. बहुतेक हॉस्पिटलनं उत्तरच दिलं नसणार, का ते तुम्हीच ओळखा, प्रश्नच तसला असणार की हे आधीच्या ऑपरेशनमुळं झालं का. सांगलीचं आणि कोल्हापूरचं दोन्ही रिइम्बर्समेंटला, म्हणजे भरलेले पैसे कंपनीकडनं परत मागायला टाका. ४५ दिवसांत परत तोच त्रास झाला तर पॉलिसीच्या भाषेत तो एकच आजार धरतात, ऑपरेशनचं कॉम्प्लिकेशन आहे म्हणून क्लेम बाद होत नाही. मुदत मात्र बघा, पॉलिसीत लिहिलेली असते आणि डिस्चार्जपासून मोजतात. छाटणीच्या गडबडीत हे राहिलं तर अडीच लाखाचा फटका आहे.

आणि एक आतली गोष्ट. आपल्याच ऑपरेशनच्या गुंतागुंतीसाठी पेशंट परत आला तर बरेच सर्जन स्वतःची व्हिजिट फी लावत नाहीत किंवा मागितली की सोडतात. हा कायद्यानं हक्क वगैरे नाही, पण शांतपणे, थेट डॉक्टरांना केबिनमध्ये भेटून मागायची गोष्ट आहे. काउंटरवर नाही.

पासबुक_छापून_द्या

चेकपुरतं बोलतो, बँकेत आहे. स्टॉप पेमेंट केलं म्हणजे सुटलो असं समजू नका, स्टॉप पेमेंटनं परत गेलेल्या चेकवर पण कलम १३८ ची (चेक न वटल्याची फौजदारी) केस लागते. चेक परतल्यापासून तीस दिवसांत ते नोटीस पाठवू शकतात, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत तुम्ही नाही भरले तर कोर्ट. तुमचा बचाव असेल की देणंच वादात आहे, चेक दबावाखाली दिलेला, पण तो बचाव कोर्टात तारखा घालून मांडायचा. त्यापेक्षा आजच लेखी द्या की या-या रकमेबद्दल वाद आहे, डिटेल बिल मिळेपर्यंत चेक भरू नये, आणि पोच घ्या. पोच मिळणारं स्पीड पोस्ट पण टाका. खात्यात तेवढी शिल्लक ठेवता आली तर ठेवा.

वाळव्याचा_वाघ

म्हणजे पेशंटला ओलीस धरून चेक लिहून घेतलेला चालतोय आणि चेक थांबवला की पेशंटचा पोरगा गुन्हेगार. वा रे कायदा.

पासबुक_छापून_द्या

वाघ, तुमचा राग बरोबर आहे. बिलासाठी पेशंटला अडवून ठेवायचा हक्क कुठल्याच हॉस्पिटलला नाही. पण त्या वेळी ॲम्ब्युलन्स दारात असताना कोण भांडणार.

निवृत्त_भूलतज्ज्ञ

मी तीस वर्षं भूल दिली, त्यात पित्ताशयाची ऑपरेशनं किती झाली त्याचा हिशोब नाही. त्यामुळं माझं मत डॉक्टरांच्या बाजूला थोडं झुकलेलं वाटलं तर समजून घ्या.

दुर्बिणीनं पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिकेला इजा होणं हे हजारात तीन ते पाच जणांत होतं, चांगल्या हाताखाली सुद्धा. खडे जुने असतील, वारंवार सूज येऊन गेली असेल तर आत सगळं चिकटलेलं असतं, नळी कुठली आणि रक्तवाहिनी कुठली ते दिसत नाही. म्हणून कापण्याआधी पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी मोकळ्या करून दाखवायच्या असा दंडक आहे, आणि तसं दिसत नसेल तर दुर्बीण सोडून पोट उघडायचं, त्यात कमीपणा नाही. तेव्हा नुसती गळती झाली म्हणजे निष्काळजीपणा झाला असं होत नाही. ग्राहक आयोगात सुद्धा पहिलं उत्तर हेच येतं की ही माहीत असलेली गुंतागुंत आहे, संमतीपत्रात लिहिली होती.

पण तुमच्या हकिकतीत मला जे खटकलं ते ऑपरेशन थिएटरमधलं नाही, मंगळवारचं आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पेशंट बराच सुधारलेला असतो. उलट पोट फुगतंय, दुखणं वाढतंय, तर गॅस म्हणायच्या आधी नाडी, ताप, पोट तपासणं, रक्त तपासणं आणि एक सोनोग्राफी करणं हे कुणीही केलं असतं. ते केलं का नाही, ते तुमच्या सांगण्यावरनं ठरणार नाही, केसपेपरवरनं ठरेल. म्हणून आधी केसपेपर काढा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात आहे की पेशंटनं किंवा त्याच्या माणसानं मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायच्या. आईच्या सहीचा अर्ज द्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड नको. ऑपरेशन नोट, भुलेचा चार्ट, संमतीपत्र, डॉक्टरांच्या राउंडच्या नोंदी, आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे सिस्टरचा चार्ट. डॉक्टरची नोंद नंतर सवडीनं लिहिता येते, सिस्टर मात्र दर चार-सहा तासाला आकडे टाकत असते आणि तिच्या आकड्यांकडं कुणाचं लक्ष नसतं. ऑपरेशनचं रेकॉर्डिंग झालं असेल तर तेही मागा, लवकर मागा, कारण मशीनमधनं जुनं पुसलं जातं.

कोल्हापूरच्या डॉक्टरांना मत लिहून मागू नका, ते देणार नाहीत आणि त्यांना दोष देऊ नका. त्यांच्याकडनं ईआरसीपीचा पूर्ण रिपोर्ट आणि रंगद्रव्य सोडून काढलेल्या फिल्म घ्या. गळती नेमकी कुठनं होती ते त्यात स्पष्ट दिसतं. पित्ताशयाच्या देठाची (तो बंद करायला लावलेली) क्लिप सुटली का मुख्य नळी कापली, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'नळीला इजा' हे तोंडी बोलताना दोन्हीला म्हणतात.

आणि या सगळ्यात स्टेंट विसरू नका. तो कायमचा नाही. साधारण दीड-दोन महिन्यांत काढायचा असतो, राहिला तर तुंबतो आणि परत कावीळ, परत ताप. पेशंटला बरं वाटायला लागतं आणि घरचे विसरतात, असे कितीतरी बघितलेत. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

म्हैसाळकरीण

माझ्या नणंदेचं पण असंच फुगलंतं पोट, तिला दुसऱ्याच दिवशी परत आत घेऊन धुतलं आणि आठवड्यात घरी. म्हणजे वेळेत बघितलं तर होतंय की. आईंना लवकर बरं वाटू दे. महात्मा फुले योजनेत का नाही केलं? आता पाच लाखापर्यंत आहे ना सगळ्यांना.

बेदाणावाला_तासगाव

ताई, मेडिक्लेम आहे म्हणून योजनेचं डोक्यातच आलं नाही, आणि ते हॉस्पिटल योजनेत नव्हतं. सगळ्यांचे आभार. आज डिटेल बिल आणि केसपेपर दोन्हीचे अर्ज देऊन पोच घेतली. चेकचं पत्र पण दिलं. पोच द्यायला आधी तयार नव्हते, मी तिथंच बाकावर बसून राहिलो. चुलत्यांना सांगितलंय तुम्ही बागेत पाणी धरा.

एक विचारायचंय, केस करायची झाली तर पोलिसात का ग्राहक कोर्टात? आणि त्या तक्रार नाही वाल्या सहीमुळं सगळं संपलं का?

ढालगावकर

वडिलांच्या ऑपरेशनवरनं मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात साडेतीन वर्षं चपला झिजवल्यात, म्हणून थोडं सांगतो.

पोलिसाचा रस्ता सोडा. सुप्रीम कोर्टानं २००५ ला जेकब मॅथ्यूच्या निकालात सांगून ठेवलंय की डॉक्टरवर फौजदारी लावायला साधी चूक पुरत नाही, फार ढोबळ निष्काळजीपणा लागतो, आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या डॉक्टरांचं निष्पक्ष मत घ्यायचं, शक्यतो सरकारी. म्हणजे कागद सिव्हिलच्या डॉक्टरांकडं जाणार आणि तिथं पडून राहणार, तुम्ही हेलपाटे घालणार. मुंबईची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरला समज देऊ शकते, नोंदणी काही काळ थांबवू शकते, पण एक रुपया तुम्हाला देऊ शकत नाही. तुम्हाला पैशाचा प्रश्न असेल तर ग्राहक आयोग.

डॉक्टर ग्राहक कायद्यात येतात हे १९९५ पासनं ठरलंय. इन्शुरन्सनं भरलं असेल तरी तुम्ही ग्राहकच. नवा २०१९ चा कायदा आहे त्यात तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार टाकता येते, तुमच्या बाबतीत तर सगळं सांगलीतच आहे. भरलेले पैसे पाच लाखाच्या आत असतील तर फी नाही. मुदत दोन वर्षं. दोन वर्षं म्हणजे लय आहेत असं मला पण वाटलंतं, आम्ही दीड वर्ष नुसतं हॉस्पिटल काहीतरी देईल म्हणून वाट बघत बसलो. त्यांना तेच पाहिजे असतं.

त्या सहीनं तुमचा हक्क जात नाही, पण त्यांचा वकील तोच कागद पहिल्या पानावर लावणार. म्हणून आत्ताच लेखी कळवा की पेशंट हलवायचा होता, न वाचता सही घेतली, आम्हाला मान्य नाही. सहा महिन्यांनी लिहिलं तर सुचून लिहिलेलं वाटतं. आणि यापुढं बिल कमी करायचं आमिष दाखवून फुल अँड फायनल सेटलमेंटचा कागद पुढं करतील. पाच-दहा हजारासाठी त्यावर सही करू नका. पैसे भरायचेच झाले तर "तक्रारीचा हक्क राखून भरत आहे" असं पत्र देऊन बँकेतनं भरा.

आता खरं सांगतो, ऐकायला गोड नाही. आमच्या केसमध्ये तज्ज्ञाचं मत मिळवणं हे सगळ्यात अवघड गेलं. कायद्यानं प्रत्येक केसला तज्ज्ञ लागतोच असं नाही, २०१० ला सुप्रीम कोर्टानं तसं म्हणलंय, पण आयोगापुढं नुसतं मुलानं सांगितलं आणि समोर सर्जनचं शपथपत्र, तर झुकतं माप कुणाकडं जाणार? आमच्या जिल्ह्यातला एक डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध लिहीना. शेवटी लांबच्या एकानं नुसते केसपेपर बघून चार ओळी लिहून दिल्या. त्या चार ओळींवर केस उभी राहिली. निकाल आमच्या बाजूनं लागला, मागितलेल्याच्या निम्म्याहून कमी मिळाले, ते पण त्यांनी वर अपील केल्यावर तडजोडीत. वडील तोवर राहिले नव्हते, दुसऱ्याच आजारानं गेले.

काउंटरपलीकडची

ढालगावकर काका, वाईट वाटलं वाचून.

इन्शुरन्स कंपनीनं क्लेममध्ये आडकाठी केली तर त्याला वेगळा रस्ता आहे हे पण लिहून ठेवते. आधी कंपनीच्या ग्रिव्हन्सला लेखी, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर पुण्याचे विमा लोकपाल. फुकट आहे, वकील लागत नाही, तिथं वकील चालतच नाही. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एका वर्षात जायचं.

बेदाणावाला_तासगाव

एकोणीस दिवसांनी लिहितोय, उशीर झाल्याबद्दल माफी, बागेत होतो.

डिटेल बिल चौथ्या दिवशी मिळालं, २३ पानं. मी आणि बहीण रात्री जमिनीवर पसरून बसलो, ती बारावी कॉमर्स आहे, तिनं टिक करत करत काढलं. औषधं परत गेलेली ११ हजार २०० ची, मेडिकलच्या रजिस्टरला होती पण बिलात वजा नव्हती. आयसीयूचा एक दिवस जास्त, साडेसात हजार. मॉनिटरचे सहा हजार, दरपत्रकात आयसीयूच्या आत धरलेले आणि इथं परत. हे २४ हजार ७०० त्यांनी अर्ध्या तासात मान्य केलं, कुणी वाद घातला नाही, मला तर वाईट वाटलं की एवढं सोपं होतं आणि मी तीन आठवडे झोपलो नाही. मग डॉक्टरांना केबिनमध्ये भेटलो, काउंटरवाल्या ताईंनी सांगितलेलं तसं. व्हिजिटचे १२ हजार होते ते त्यांनी स्वतःच सोडतो म्हणले. बराच वेळ गप्प बसले आणि मग आई काय खाते आता ते विचारलं. मला काय बोलावं कळलं नाही.

राहिले १९ हजार ३००. मॅनेजर म्हणले इथं सही करा, फुल अँड फायनल, तेवढे पण सोडू. नको म्हणलं. हक्क राखून म्हणून पत्र दिलं, एनईएफटी केलं आणि चेक परत घेतला. चेक फाडून चुलीत घातला आईनं.

केसपेपर ७२ तासात कुठले, नऊ दिवस लागले, तीन हेलपाटे. सिस्टरचा चार्ट आहे. मंगळवारी रात्री १० वाजून ४० मिनिटांनी लिहिलंय, पल्स ११८, पोट फुगलेलं, डॉक्टरांना फोनवर कळवलं. त्यानंतर रात्रभर डॉक्टरची एकही नोंद नाही. एकदम बुधवारी सव्वानऊला, कम्फर्टेबल, फिट फॉर डिस्चार्ज. रेकॉर्डिंग नाही म्हणले.

कोल्हापूरचा ईआरसीपी रिपोर्ट पण आणला. त्यात लिहिलंय मुख्य नळी शाबूत, गळती देठाकडनं. डॉक्टरसाहेब, म्हणजे मी इतके दिवस जे सगळ्यांना सांगत फिरत होतो की नळी कापली, ते चुकीचं होतं का?

निवृत्त_भूलतज्ज्ञ

हो, चुकीचं होतं, आणि कागद बघितलात हे बरं झालं. आईंच्या दृष्टीनं तर फारच चांगली बातमी आहे ही. देठाची गळती स्टेंटवर बहुतेक वेळा पूर्ण बरी होते, मुख्य नळी कापली असती तर मोठं ऑपरेशन आणि आयुष्यभराची धास्ती.

तुमच्या तक्रारीत नळी कापली हा शब्द चुकूनही घालू नका, पहिल्याच तारखेला समोरचा वकील हा रिपोर्ट दाखवून तुम्हाला खोटं पाडेल. तुमची तक्रार असेल तर ती एवढीच आहे की मंगळवारी रात्री १० वाजून ४० मिनिटांनी नाडी ११८ होती, कळवलं होतं, आणि तरी न तपासता, सोनोग्राफी न करता बुधवारी घरी पाठवलं, त्यामुळं पोटात पित्त दोन-अडीच दिवस साठत राहिलं. ती क्लिप का सुटली ते मला इथनं सांगता येणार नाही. पण त्या रात्री कुणीतरी जिना चढून वर जायला पाहिजे होतं.

ढालगावकर

त्या चार्टच्या पानाच्या चार झेरॉक्स काढा, एक गावाबाहेरच्या नातेवाइकाकडं ठेवा. आणि क्लेम?

बेदाणावाला_तासगाव

दोन्ही क्लेम टाकले, तीन लाखाच्या पॉलिसीतले २ लाख ४२ हजार शिल्लक आहेत, बघू किती देतात. ढालगावकर काका, तुम्ही ज्यांच्याकडनं चार ओळी घेतल्या त्यांच्याकडं कसं पोचायचं ते मेसेजमध्ये सांगा, इथं नको.

स्टेंट काढायची तारीख २८ आहे. कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलीय, बहिणीनं मोबाईलला पण लावलीय. केस करायची का नाही ते अजून ठरलं नाही. आई म्हणती आधी ते आतलं निघू दे, मग जा कुठं जायचंय ते, आणि छाटणीला गडी सांगितलेत उद्या सातला, लवकर झोप.